साउथ बेंडची पोरे

शिकागोला येणाऱ्या मराठी पाहुण्याचा कार्यक्रम ठरलेला असतो. पहिल्या दिवशी तो एकशे दहा मजली इमारतीत चढून खालच्या मुंगीएवढ्या मोटारी पाहतो. दुसऱ्या दिवशी मिशिगन तळ्याच्या काठावर उभा राहून ‘एवढं पाणी आणि खारट नाही म्हणता?’ असे विचारतो आणि आपला विश्वास नाही हे दाखवण्यासाठी ओंजळभर चाखूनही पाहतो. तिसऱ्या दिवशी आर्ट इन्स्टिट्यूटच्या पायऱ्यांवर त्याचे हात आपोआप जोडले जातात. कारण १८९३ साली स्वामी विवेकानंद बोलले ते याच वास्तूत. चौथ्या दिवसापासून मात्र यजमानाचे हाल सुरू होतात. आता याला न्यायचे कोठे?

माझ्यापुरता मी हा प्रश्न सोडवून टाकला आहे. चौथ्या दिवशी मी पाहुण्याला तांबड्या रेषेच्या गाडीत बसवतो आणि ॲडिसन नावाच्या स्टेशनावर उतरवतो. जिना उतरून शंभर पावले चालले की रिग्ली फील्ड येते. भोवती तीनमजली विटांची घरे, खाली दुकाने आणि त्यांच्या मधोमध, एखाद्या पेठेत देऊळ असावे तसे, १९१४ साली बांधलेले हे बेसबॉलचे मैदान. मागच्या भिंतीवर १९३७ साली लावलेल्या वेली आजही आहेत आणि चेंडू त्या पानांत शिरून हरवला तर काय करायचे याचाही नियम आहे. गुणफलक तेव्हाचाच, हिरवा; आत माणसे बसून हाताने आकडे बदलतात. शेजारच्या घरांच्या गच्च्यांवर बाकडी टाकून लोक सामना पाहतात. कब्ज जिंकले की गुणफलकावर पांढरे निशाण चढते, त्यावर निळ्या रंगात एकच अक्षर, विजयाचे. गाडीतून घरी परतणाऱ्याला खिडकीतूनच कळते की आज दिवस कसा गेला.

कब्ज म्हणजे अस्वलाचे बछडे. हे आमच्या संघाचे नाव. ‘आमच्या’ म्हणताना मी आता अडखळत नाही. पंचवीस वर्षे ज्या संघाच्या पराभवाने माणसाचे जेवण जाते, तो त्याचाच संघ, मग जन्म कोल्हापूरचा असला म्हणून काय झाले!

२०२५ च्या जुलैत माझे मामा आले. वय अठ्ठ्याहत्तर, जिल्हा परिषदेच्या शाळेत हयात काढलेली, तरुणपणी तालमीत घुमलेले. उंच इमारत त्यांनी मान वर करून एकदा पाहिली आणि ‘बरी आहे’ म्हणाले. रिग्ली फील्डवर मात्र त्यांचा जीव रमला. खेळ त्यांना दोन डावांत समजला. पिचर म्हणजे आपला गोलंदाज. होम रन म्हणजे षटकार. तीन गडी बाद झाले की दुसऱ्याची पाळी. असे नऊ डाव. न समजली ती एकच गोष्ट आणि तिच्यापायीच हा लेख लिहावा लागला.

पुढच्या रांगेतील दोघे तावातावाने बोलत होते. एकाचे म्हणणे, यंदा संघ चांगला आहे, एक खंदा पिचर मिळाला तर विजेतेपद आवाक्यात येईल, तेव्हा खालची चार पोरे देऊन टाका. दुसरा म्हणे, पोरांना हात लावाल तर खबरदार! मामांनी मला कोपराने ढोसले.

“कुणाची पोरं देताहेत रे हे?”

मी समजावून सांगितले. इथल्या प्रत्येक मोठ्या संघाच्या हाताखाली गावोगावी लहान संघ असतात. सोळा-सतरा वर्षांची पोरे हेरून आणतात, करार करतात आणि पायरीपायरीने वर चढवतात. या होतकरू पोरांवर मोठ्या संघाची मालकी असते. ऐन हंगामात तयार खेळाडूची गरज पडली की दुसऱ्या संघाकडून तो घ्यायचा आणि बदल्यात ही पोरे द्यायची. जुलैच्या अखेरीस एक मुदत असते. २०२५ साली ती ३१ जुलैला शिकागोच्या घड्याळात संध्याकाळी पाच वाजता संपणार होती. तोपर्यंत बाजार उघडा.

“म्हणजे आयपीएलचा लिलाव?”

“नाही मामा. लिलावात खेळाडू आपण होऊन नाव देतो आणि पैसा त्याला मिळतो. इथे माणसाच्या बदल्यात माणूस. पोराला विचारायचा प्रश्नच नाही. दहा वर्षे वरच्या दर्जात काढली आणि त्यांतली शेवटची पाच एकाच संघात, तर ‘मी जाणार नाही’ म्हणता येतं.”

मामा बराच वेळ मैदानाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “वस्तादानं पठ्ठा विकला, असं मी खासबागेत कधी ऐकलं नाही.”

या वाक्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. पण वाचकहो, शिकागोच्या माणसाची बाजूही आपण ऐकून घेतली पाहिजे आणि त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

कब्जनी जगज्जेतेपद मिळवले ते १९०८ साली आणि त्यानंतर ते मिळवायचे विसरून गेले. १९४५ नंतर तर अंतिम फेरीतही पोचले नाहीत. मैदानात बोकड घेऊन आलेल्या एका खानावळवाल्याला त्या वर्षी बाहेर काढले, त्याचा शाप भोवला, असे लोक सांगत. मला विचाराल तर शापापेक्षा सौदे अधिक भोवले. १५ जून १९६४ रोजी कब्जनी लू ब्रॉक नावाचा चोवीस वर्षांचा खेळाडू सेंट लुइसला दिला आणि बदल्यात अर्नी ब्रोलिओ हा नावाजलेला पिचर घेतला. त्या दिवशी शिकागोला हा सौदा फायद्याचा वाटला होता. ब्रोलिओने कब्जसाठी उण्यापुऱ्या तीन हंगामांत सात सामने जिंकले. ब्रॉकच्या सेंट लुइसने त्याच वर्षी जगज्जेतेपद पटकावले आणि पुढे ब्रॉक चोरट्या धावांचा असा बादशहा झाला की त्याने नऊशे अडतीस वेळा पुढचा टप्पा चोरला. आजही शिकागोत कोणी मोटार विकून पस्तावला की शेजारी म्हणतात, ब्रॉक दिलास आणि ब्रोलिओ घेतलास!

आता २०१६ साल घ्या. संघ उत्तम होता, उणीव एकच : शेवटच्या डावात सामना मिटवणारा पिचर. २५ जुलैला कब्जनी न्यूयॉर्ककडून आरॉल्डिस चॅपमन घेतला. ताशी शंभर मैलांहून अधिक वेगाने चेंडू टाकणारा हा माणूस. बदल्यात चौघे गेले आणि त्यांत होता ग्लेबर टोरेस. व्हेनेझुएलातल्या काराकासचा पोर, सोळाव्या वर्षी कब्जनी हेरलेला, सौद्याच्या दिवशी एकोणीस वर्षांचा. त्यातही चॅपमन असा की घरगुती हिंसाचाराविषयीच्या नियमाखाली त्याच वर्षी तीस सामन्यांची बंदी भोगून आलेला. फौजदारी खटला झाला नव्हता. पण पुष्कळांच्या घशाखाली घास उतरला नाही. ज्याच्यासाठी टाळी वाजवताना हात जड व्हावा असा माणूस तीन महिन्यांसाठी घ्यायचा आणि त्याच्यासाठी एकोणीस वर्षांचे पोर कायमचे द्यायचे, हा हिशेब मलाही रुचला नव्हता.

आणि मग २ नोव्हेंबरची रात्र आली. क्लीव्हलँडला सातवा, निकालाचा सामना. चॅपमनच्याच चेंडूवर आठव्या डावात होम रन गेला आणि बरोबरी झाली. नऊ डावांत निकाल लागेना. पाऊस आला, सतरा मिनिटे खेळ थांबला. दहाव्या डावात कब्ज आठ विरुद्ध सात असे जिंकले. एकशे आठ वर्षे संपली.

माझ्या शेजारी एक आजोबा राहत. चौऱ्याऐंशी वर्षांचे, चाकांच्या खुर्चीत. १९४५ ची अंतिम फेरी त्यांनी तेरा वर्षांचे असताना वडिलांच्या मांडीला मांडी लावून रेडिओवर ऐकली होती. वडील पुढचा विजय पाहायला उरले नव्हते. त्या रात्री आजोबा ओरडले नाहीत की रडले नाहीत. दोन दिवसांनी मला म्हणाले, “मला रिग्लीला ने.” मी नेले. मैदानाच्या बाहेरच्या विटांच्या भिंतीवर लोक खडूने नावे लिहीत होते. स्वतःची नव्हेत, जे वाट पाहता पाहता गेले त्यांची. कोणाचा बाप, कोणाची आजी, कोणाचा युद्धात पडलेला भाऊ. हात पोचेल तिथवर भिंत भरली होती आणि हात पोचेना म्हणून लोक एकमेकांच्या खांद्यावर चढत होते. पंढरीच्या वाटेवर असावी तशी गर्दी, पण आवाज नाही. आजोबांच्या हातात जोर नव्हता. त्यांनी एकेक अक्षर सांगितले आणि त्यांच्या वडिलांचे नाव निळ्या खडूने मी लिहिले. पुढच्या वसंतात आजोबा गेले.

आता मला सांगा, ग्लेबर टोरेस द्यायला नको होता, असे मी कोणत्या तोंडाने म्हणू? डिसेंबरात चॅपमन अधिक पैसे घेऊन न्यूयॉर्कला परत गेला. म्हणजे न्यूयॉर्कला तोही मिळाला आणि पोरही! २०१९ साली टोरेसने अडतीस होम रन ठोकले, ते न्यूयॉर्कच्या कपड्यांत. दर वेळी तो आकडा वाढलेला वाचला की माझ्या पोटात कालवे आणि दर वेळी मला तो निळा खडू आठवे.

गोष्ट इथेच संपती तर बरे होते. पण एकदा सौदा फळला की माणसाला चटक लागते. १३ जुलै २०१७ ला कब्जनी आपल्याच शहराच्या दक्षिण भागातल्या व्हाइट सॉक्स संघाकडून होसे किंताना हा पिचर घेतला आणि एलॉय हिमेनेस व डिलन सीस ही दोन सोन्यासारखी पोरे, आणखी दोघांसह, दिली. किंताना मन लावून खेळणारा, सरळ माणूस. पण दुसरे जगज्जेतेपद काही आले नाही. १८ जून २०१९ रोजी हाच एलॉय व्हाइट सॉक्सकडून रिग्लीवर खेळायला आला. सामना बरोबरीत, नववा डाव. चेंडू लागताना त्याची बॅट मोडली, तरी चेंडू कुंपणापलीकडे गेला आणि कब्ज हरले. मी तेथे होतो. चाळीस हजार माणसे गप्प झाली, पण त्या गप्प बसण्यात नुसता राग नव्हता. माझ्यामागे एक बाई पुटपुटल्या, “काय मारलं माझ्या पोरानं!” आणि मग ओशाळून इकडेतिकडे पाहू लागल्या.

हे सारे मी मामांना परतीच्या गाडीत सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, “ही पोरं वाढतात कुठं?”

“एक ठिकाण जवळच आहे. साउथ बेंड.”

“मग तिथंच जाऊ. माणूस विकत घेणारा बाजार पाहिला. आता शेत पाहू.”

साउथ बेंड इंडियाना राज्यात आहे. शिकागोच्या मध्यभागी जमिनीखाली मिलेनियम स्टेशन आहे. तेथून विजेची गाडी सुटते आणि दोन-सव्वादोन तासांत पोचवते. तळ्याच्या दक्षिण टोकाला वळसा घालून ती जाते. आधी गॅरी लागते. पोलादाच्या कारखान्यासाठी १९०६ साली वसवलेले हे गाव, आमचे जमशेदपूर म्हणा. पण आज निम्म्या इमारतींच्या खिडक्यांना तावदाने नाहीत. मग एकाएकी वाळूच्या टेकड्या आणि रानझाडे लागतात. पुढे मिशिगन सिटी. २०२२ पर्यंत ही गाडी या गावात चक्क भर रस्त्यातून, मोटारींच्या रांगेतून जाई. आता वेगळे दुहेरी रूळ झाले आहेत, गाडी वेगाने जाते आणि गंमत गेली. साउथ बेंडला उतरताना घड्याळ एक तास पुढे करावे लागते. मामा म्हणाले, “दोन तास प्रवास केला आणि भाडं तीन तासांचं दिलं.”

जुन्या वाचकांना स्टुडबेकर मोटार आठवत असेल. ती या गावची. १८५२ साली घोडागाड्या बांधणाऱ्या भावांनी धंदा उभारला, तो मोटारींपर्यंत नेला आणि १९६३ च्या डिसेंबरात इथला कारखाना बंद पडला. अख्ख्या गावाची रोजीरोटी ऐन नाताळात गेली. त्या कारखान्याच्या जुन्या विटांच्या इमारती अजून उभ्या आहेत. काहींत नव्या कचेऱ्या आल्या आहेत. त्यांच्या जवळच बेसबॉलचे मैदान आहे. १९८७ च्या सुमारास बांधलेले, पाच हजार माणसांचे. रिग्लीच्या एका कोपऱ्यात मावेल एवढे.

मैदानाच्या आवारात एक जुने प्रार्थनामंदिर आहे. १९०१ साली इथल्या ज्यू लोकांनी बांधले. ती वस्ती पांगली, मंदिर ओस पडले. ते पाडण्याऐवजी दुरुस्त करून त्यात संघाचे दुकान थाटले आहे. टोप्या आणि सदरे तेथे विकतात. आत शिरताना मामांचा हात नकळत चपलांकडे गेला. मी म्हटले, “मामा, दुकान आहे.” ते म्हणाले, “आधी देऊळ होतं ना?” आणि चपला काढूनच आत गेले. विक्रेत्या मुलीला वाटले, म्हाताऱ्याचे पाय दुखत असावेत. तिने खुर्ची आणून दिली.

सामना सहाला होता. आम्ही चारलाच पोचलो होतो, म्हणून पोरे सराव करताना पाहायला मिळाली. वीस-बावीस वर्षांची. काही इथल्या कॉलेजातून आलेली, काही डॉमिनिकन बेटावरची, काही व्हेनेझुएलाची. इंग्रजी येणारा न येणाऱ्याला खुणांनी विनोद सांगत होता. वरच्या दर्जात ज्याचे पाऊल पडते त्याला २०२५ साली वर्षाला निदान सात लाख साठ हजार डॉलर मिळत. या पायरीवरच्या पोराला सुमारे सत्तावीस हजार. तेही २०२३ सालच्या करारामुळे. त्याआधी अकरा हजारांच्या आसपास मिळत आणि २०२२ च्या आधी राहायची सोयही ज्याची त्याने पाहायची. सहासहा जण एका खोलीत गाद्या टाकून झोपत. मामांनी हे ऐकले आणि म्हणाले, “म्हणजे कोल्हापूरची तालीमच की! फक्त थंडाई नाही.”

आमच्या शेजारी एक बाई येऊन बसल्या. सत्तरीच्या, डोक्यावर टोपी, मांडीवर जाड वही. सामना सुरू झाला तशी त्यांनी पेन्सिलीने नोंद चालू केली. मामांना जन्मभराची हजेरीपत्रकाची सवय. वही दिसल्यावर त्यांना राहवेना. मी दुभाष्या झालो. बाईंनी वही आनंदाने दाखवली. प्रत्येक वर्षाचे एक पान. पानावर पोरांची नावे, कोठून आला, आणि शेवटच्या रकान्यात : कोठे गेला.

मी २०१५ चे पान काढले. टोरेस होता. शेवटच्या रकान्यात नुसते ‘वर’. २०१६ मध्ये एलॉय हिमेनेस; त्या वर्षी तो या साऱ्या साखळीतला सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. २०१७ मध्ये डिलन सीस. तो तर इथे खेळत असतानाच विकला गेला. २०२४ च्या पानावर कॅम स्मिथ : जुलैत कब्जनी निवडलेला, थोडे दिवस याच मैदानावर खेळलेला आणि डिसेंबरात काइल टकरसाठी ह्यूस्टनला दिलेला. घरात आल्यापासून पाच महिन्यांत बाहेर! मी बोट ठेवले आणि म्हटले, “ही सारी आम्ही गमावलेली पोरे.”

बाईंनी माझ्याकडे पाहिले. मग वही घेतली आणि २०२२ चे पान उघडले. “हा पाहा,” त्या म्हणाल्या. पीट क्रो-आर्मस्ट्राँग. जुलै २०२१ मध्ये कब्जनी हावियर बायेस न्यूयॉर्कच्या मेट्सना दिला, तेव्हा बदल्यात आलेला एकोणीस वर्षांचा पोर, तोही दुखावलेल्या खांद्याचा. २०२५ साली त्याने एकतीस होम रन मारले, पस्तीस टप्पे चोरले आणि मध्यमैदानात असे झेल घेतले की रिग्लीवर त्याच्या नावाचा गजर होई.

“हा मेट्सनी गमावलेला,” बाई म्हणाल्या. “त्याच्यासाठी तुम्ही कधी दुःख केलंत का?”

मी केले नव्हते. कोण करतो! मग मला एकेक आठवू लागले. २०१६ चा तो शेवटचा झेल घेणारा अँथनी रिझो : बॉस्टनने हेरलेला पोर, बॉस्टनने सॅन डिएगोला दिलेला, सॅन डिएगोने आम्हाला. त्या सातव्या सामन्यात कब्जकडून पहिला चेंडू टाकणारा काइल हेंड्रिक्स : टेक्ससचा पोर, २०१२ च्या ३१ जुलैला एका उतरत्या वयाच्या पिचरसाठी टेक्ससने देऊन टाकलेला. भिंतीवर निळ्या खडूने लिहायला लावणारा तो विजय दुसऱ्या गावांनी दिलेल्या पोरांनी मिळवला होता. त्या गावांतही कोणी म्हातारा असेल, जो त्यांना लहानपणापासून पाहत होता.

मी बाईंना विचारले, “तुम्हाला वाईट नाही वाटत?”

त्यांनी पेन्सिल कानावर ठेवली. “तुमच्या शिकागोला दोन तऱ्हा दिसतात. पोर तुमच्याकडे आलं तर मिळालं, दुसरीकडे गेलं तर गमावलं. इथून सगळीच जातात. चांगलं खेळलं म्हणून जातं, नाही खेळलं म्हणूनही जातं. मला राहिलेलं पोर एकही माहीत नाही.” त्यांनी पानावरून बोट फिरवले. पुष्कळ नावांपुढे शेवटच्या रकान्यात एकच शब्द होता : ‘घरी’. “तुम्ही ज्यांच्यासाठी रडता त्यांची नावं तरी वर्तमानपत्रात येतात. मला ही नावं लक्षात ठेवावी लागतात, कारण दुसरं कुणी ठेवत नाही.”

मी हे मराठीत मामांना सांगितले. ते वही पाहत राहिले. त्या ‘घरी’वर त्यांची नजर खिळली होती.

सहाव्या डावात एक नवा पिचर आला. सहा फूट चार-पाच इंच, नुसती हाडे, चालताना गुडघे एकमेकांवर आपटतील असे वाटे. पहिल्या दोघांना त्याने चेंडू भलतीकडे टाकून फुकट पुढे पाठवले. मग कोण जाणे काय झाले, तिघांना ओळीने बाद केले. मामा उभे राहून ओरडले, “शाब्बास ढेंगाळ्या!” पाच-सहा माणसांनी वळून पाहिले. पोरानेही पाहिले आणि टोपीला हात लावला. पुढच्या दोन डावांत तो जेव्हा जेव्हा बाकाकडे परते, तेव्हा मामांची नजर त्याच्यावरून हलत नसे.

परतीच्या गाडीत काळोख होता. गॅरीच्या कारखान्याची ज्योत दूरवर दिसत होती. मी माझे म्हणणे मांडत होतो : टोरेस दिला ते बरोबर की चूक याचा निवाडा होतच नाही, कारण तराजूच्या एका पारड्यात अडतीस होम रन आणि दुसऱ्यात एका म्हाताऱ्याच्या बापाचे नाव. दोन्ही एका मापाने कशी मोजायची? आणि पोरांचे पाहावे तर टोरेस न्यूयॉर्कला गेला म्हणून २०१८ मध्येच वर पोचला. कब्जच्या गर्दीत त्याला आणखी थांबावे लागले असते. मग तोटा कोणाचा? ज्याने त्याला वाढताना पाहिले त्याचा फक्त.

मामा खिडकीबाहेर पाहत होते. “आमच्या शाळेतनं पोरं गेली,” ते म्हणाले. “हुशार होती ती पुण्याला, मुंबईला. तू इथं. जी राहिली ती शेती बघतात. आम्ही कुणाच्या बदल्यात कुणाला मागितलं नाही रे.” आणि मग हसून म्हणाले, “मागायला हवं होतं बहुतेक. शाळेला एक चांगला गणिताचा मास्तर तरी मिळाला असता.”

माझी दहावीपर्यंतची फी मामांनी भरली होती. मीही हसलो आणि मग गॅरी मागे पडेपर्यंत आम्ही कोणीच बोललो नाही.

३१ जुलैला आम्ही दोघे फोन समोर ठेवून बसलो. माझ्या मनाची स्थिती सांगायला लाज वाटते. पिचर तर हवा होता. संघ जिंकत होता आणि असा हंगाम दर वर्षी येत नाही. आणि दर वेळी फोन वाजला की आतून कोणी म्हणे, पोर नको रे, पोर नको. मामा स्वयंपाकघरातून विचारत, “लागली का कुणाची बदली?” जिल्हा परिषदेत चाळीस वर्षे घालवलेल्या माणसाला या प्रकारासाठी दुसरा शब्द सुचणे शक्य नव्हते आणि तो शब्द चोख होता : वरून हुकूम येतो, पेटी बांधायची आणि निघायचे.

पाच वाजले. मोठ्या नावाची पोरे घरीच राहिली. काही लहान नावांची गेली. आमच्या शेजाऱ्यांपैकी बहुतेकांनी ती नावे कधी ऐकली नव्हती. ‘स्वस्तात पडले’ म्हणून त्यांनी समाधान मानले. साउथ बेंडला मात्र त्या रात्री एका वहीत शेवटचा रकाना भरला गेला असेल.

कब्जनी त्या वर्षी ब्याण्णव सामने जिंकले, पहिली फेरी पार केली आणि मिलवॉकीपुढे पाचव्या सामन्यात संपले. आणखी एक पिचर असता तर, असे पुढच्या रांगेतल्या त्या पहिल्या गृहस्थाला वाटले असणार. त्याला खोटे कोण म्हणेल? दुसऱ्यालाही नाही. मला विचाराल तर ते दोघे माझ्या आतच शेजारी-शेजारी बसलेले आहेत आणि त्यांचे भांडण मिटावे अशी माझी इच्छाही नाही. ज्या दिवशी मिटेल त्या दिवशी मी एक तर नुसता व्यापारी झालेला असेन, नाही तर विजयाची आसच सोडून दिलेली असेल.

मामा ऑगस्टच्या मध्याला परत गेले. सामानात त्यांनी साउथ बेंडच्या संघाची छापील यादी नेली. दर रविवारी त्यांचा फोन येतो. हवापाण्याचे, गुडघ्याचे झाले की आवाज थोडा खाली येतो, “आणि तो आपला ढेंगाळ्या?”

सप्टेंबरच्या आरंभी मी बातमी दिली की तो नॉक्सव्हिलला गेला.

“म्हणजे बढती का बदली?”

“बढती, मामा. एक पायरी वर.”

“मग ठीक,” मामा म्हणाले. त्यांचा आनंद फोनमधूनही कळत होता. बढती मिळाली म्हणजे पोर बाजाराच्या एक पाऊल जवळ गेले, हे मी त्यांना सांगितले नाही.